उद्यमनगरातील धार लावण्याचे दुकान: हत्यारे वापरणाऱ्या प्रत्येकासाठी एक परीक्षण

शिवाजी उद्यमनगराच्या आतल्या एका गल्लीत, ओतकामाच्या आणि लेथच्या कारखान्यांच्या रांगेत, हत्यारांना धार लावून देणारे आणि दांडे बसवून देणारे एक लहान दुकान आहे. दुकानाला नाव नाही. पत्र्याच्या पाटीवर ‘सर्व प्रकारच्या हत्यारांना धार लावून मिळेल, दांडे बसवून मिळतील’ एवढाच मजकूर आहे आणि येणारी-जाणारी सगळी माणसे मालकांना ‘मिस्त्री’ म्हणतात. घरातली जुनी हत्यारे, म्हणजे दोन पटाश्या, एक लोखंडी रंधा, अर्ध्या किलोचा हातोडा, एक छिन्नी, लाकडाची करवत, काही कानशी आणि एक पक्कड, मी त्यांच्याकडे नेली होती. धार उत्तम लागली, हे आधीच सांगतो. परंतु हे परीक्षण लिहिण्याचे कारण धार नव्हे. जे हत्यार वापरणे धोक्याचे झाले आहे, ते दुरुस्त करून देण्यास हे दुकान स्पष्ट नकार देते आणि नकाराचे कारण ते हत्यार हातात धरून दाखवते. कोल्हापुरात हार्डवेअरची दुकाने पुष्कळ आहेत, पण अशी शिस्त पाळणारे दुसरे दुकान माझ्या पाहण्यात नाही.

प्रथम हातोड्याविषयी. सैल दांड्याचा हातोडा हे घरातल्या हत्यारांपैकी सर्वांत दुर्लक्षित आणि म्हणूनच फार धोकादायक हत्यार आहे, कारण निसटलेले डोके पुष्कळदा वापरणाऱ्याला सोडून जवळ उभ्या असलेल्या माणसाला लागते. माझ्या हातोड्याचे डोके हलत होते. मिस्त्रींनी तो उलटा धरून दांड्याच्या टोकाकडे पाहिले, पाचर नखाने हलवून बघितली, आणि मग दांडा डोक्यालगत करवतीने कापून आत अडकलेला तुकडा ठोकून बाहेर काढला. डोक्याचे भोक आरपार एकसारखे नसते. ते मध्यभागी अरुंद आणि तोंडांकडे किंचित रुंद असते. दांडा खालून घट्ट बसवायचा, त्याच्या वरच्या टोकाला आधीच पाडून ठेवलेल्या चिरेत लाकडी पाचर ठोकायची आणि तिला आडवी लोखंडी पाचर मारायची, म्हणजे वरच्या रुंद भागात लाकूड चारी बाजूंना पसरते आणि डोके वर सरकण्याची वाटच बंद होते. हे काम त्यांनी माझ्यासमोर केले. बाजारात तयार मिळणाऱ्या हातोड्यांमध्ये अनेकदा एकच लोखंडी पाचर मारलेली असते, ती उन्हाळ्यात लाकूड आकसले की सुटते; त्यामुळे नवा हातोडा घेतानाही टोकाकडे पाहून घेणे शहाणपणाचे आहे.

दांड्यांसाठी त्यांच्याकडे बाभूळ आणि धामण ही दोन लाकडे असतात. बाभूळ कठीण आणि टिकाऊ असते. धामणीच्या लाकडात लवचीकपणा असतो, त्यामुळे घावाचा हादरा मनगटापर्यंत कमी पोहोचतो. लाकूड कोणतेही असो, त्याच्या रेषा दांड्याच्या लांबीला धरून टोकापर्यंत गेलेल्या असाव्या लागतात. मधेच बाजूला फाटा घेऊन बाहेर पडणाऱ्या रेषांचा दांडा एखाद्या जोराच्या घावाला नेमका तिथेच तिरका मोडतो, आणि मोडलेले टोक हातात भाल्यासारखे उरते. मिस्त्री असा दांडा गिऱ्हाईक मागत असले तरी बसवत नाहीत. रंगवलेले दांडेही ते ठेवत नाहीत, कारण रंगाखाली चीर दिसत नाही. बसवलेल्या दांड्याला पॉलिश पेपर मारून जवसाचे तेल चोळतात आणि वर्षातून एकदा ते घरी पुन्हा लावायला सांगतात; व्हार्निशपेक्षा या तेलाने लाकूड हाताला बरे धरवते, असा माझाही अनुभव आहे.

मी तिथे असताना राधानगरीकडचे एक शेतकरी कुऱ्हाड घेऊन आले होते. दांडा सैल झाला की ती रात्रभर बादलीत घालून ठेवण्याची पद्धत गावोगाव आहे आणि त्यांनीही तेच केले होते. मिस्त्री म्हणाले, “पाव्हणं, पाण्यात लाकूड फुगतंय खरं, पर लोखंडात दाबून त्याच्या नसा चुरगाळत्यात. वाळलं की पैल्यापरास ढिलं हुतंय. एकदा भिजवलं की दरबारीला भिजवाय लागतंय.” लाकूड भोकात अडकलेले असताना फुगते, त्याला बाहेर पसरायला जागा नसते, म्हणून त्याचे तंतू आतल्या आत दाबले जातात आणि सुकल्यानंतर ते मूळ जाडीपेक्षाही बारीक होते, तांत्रिक पुस्तकात पान-दोन पाने लागतील अशी ही गोष्ट त्यांनी तीन वाक्यांत सांगितली. त्या शेतकऱ्यांनी नवा दांडा बसवून घेतला.

त्याच दिवशी एका तरुण फिटरला मात्र रिकाम्या हाताने परत जावे लागले. त्याच्या हातोड्याच्या तोंडाची कड उडालेली होती आणि ती ग्राइंडरवर घासून सपाट करून मिळावी, अशी त्याची इच्छा होती. हातोड्याचे तोंड उष्णतेची प्रक्रिया देऊन कठीण केलेले असते. एका ठिकाणी ढलपा उडाला म्हणजे शेजारी डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असण्याची शक्यता असते, आणि ग्राइंडरच्या उष्णतेने तोंडाचा कठीणपणा आणखी बिघडतो. “ह्याला मी हात लावत न्हाई. नवा घे भावा, डोळा परत मिळत न्हाई,” एवढेच ते म्हणाले. त्यांच्याकडे विकायला नवे हातोडे नाहीत, म्हणजे या सल्ल्यात त्यांचा एक रुपयाचाही फायदा नव्हता. हातोड्यावर हातोडा मारू नये, हा नियमही याच कारणासाठी आहे: दोन्ही तोंडे कठीण असल्यामुळे त्यांतले एक फुटते आणि त्याची कपची गोळीच्या वेगाने उडते.

छिन्नीच्या बाबतीत हाच विचार उलट बाजूने करावा लागतो. छिन्नीची धार कठीण केलेली असते, परंतु जिथे हातोडा बसतो ते डोके मुद्दाम मऊ ठेवलेले असते, म्हणजे ते घावाने फुटणार नाही. मऊ असल्यामुळे ते हळूहळू चेपते आणि त्याच्या कडा बाहेरच्या बाजूला पाकळ्यांसारख्या वळतात. पुष्कळांना ही छिन्नीच्या जुनेपणाची खूण वाटते. वस्तुतः त्या वळलेल्या कडांचा एखादा तुकडा तुटून तळहातात किंवा डोळ्यात जाणे हा कारखान्यांतल्या जुन्या आणि ओळखीच्या अपघातांपैकी एक आहे. माझ्या छिन्नीच्या डोक्याचीही अशी छत्री झाली होती. मिस्त्रींनी ती संपूर्ण घासून काढली, कडेला थोडा उतार दिला आणि मगच धारेकडे वळले. साध्या लोखंडावर चालवायच्या छिन्नीला सुमारे ६० अंशांचा कोन लागतो. ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूसाठी तो बराच कमी चालतो. माझे काम कशावर असते, हे त्यांनी कोन देण्याआधी विचारले. धार लावणाऱ्याने हा प्रश्न विचारणे मला फार मोलाचे वाटते.

आता धारेविषयी, जिच्यासाठी बहुतेक लोक इथे येतात. पटाशी किंवा रंध्याचे पाते ग्राइंडरच्या दगडावर जास्त वेळ दाबून धरले की टोक तापते, आधी पिवळसर आणि मग निळे होते. पिवळसर रंग सुमारे २३० अंश सेल्सिअसला येतो आणि निळा सुमारे ३०० अंशांना. कार्बन पोलादाचे टोक एकदा निळे पडले म्हणजे तेवढ्या भागाचा कठीणपणा गेला. ते कितीही चकचकीत दिसले तरी पहिल्याच सागवानी फळीवर बोथट होते, आणि मग निळा भाग पूर्ण घासून टाकण्यावाचून इलाज नसतो. आठवडी बाजारांत बसणारे धारवाले घरातल्या विळ्या आणि सुऱ्या चांगल्या करून देतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण सुतारकामाचे पाते त्यांच्या हाती देण्यापूर्वी जवळ पाण्याचे भांडे आहे का, हे पाहावे. या दुकानात ग्राइंडरच्या शेजारी पाण्याचा डबा असतो आणि पाते क्षणभर दगडाला लावले की लगेच पाण्यात जाते. ग्राइंडरवर २५ अंशांचा उतार देऊन झाल्यावर पात्याचे टोक निसण्यावर सुमारे ३० अंशांत घासले जाते आणि शेवटी पाठीची बाजू दगडावर अगदी सपाट ठेवून कडेला राहिलेली धातूची बारीक कूस काढली जाते. पाठ सपाट नसेल तर समोरची धार कितीही चांगली लागली तरी पटाशी सरळ चालत नाही, हे अनेक धारवाले विसरतात.

ग्राइंडरची व्यवस्था मी लक्षपूर्वक पाहिली. हत्यार टेकवण्याची पट्टी आणि दगड यांच्यातील फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, नाहीतर हत्यार त्या फटीत ओढले जाऊन दगड फुटू शकतो. इथली पट्टी दगड झिजेल तशी पुढे सरकवलेली होती. नवा दगड चढवण्याआधी तो बोटावर लटकवून लाकडी मुठीने हलकेच वाजवतात. खणखणीत आवाज आला तर दगड अखंड आहे, बद्द आवाज आला तर आत तडा आहे. दगडाच्या सपाट बाजूवर घासणे आणि हातमोजे घालून फिरत्या दगडाजवळ जाणे, या दोन्ही गोष्टी मिस्त्री आपल्या मदतनिसाला करू देत नाहीत. डोळ्यांवर गॉगल दोघांच्याही असतो.

धारदार हत्याराला घाबरणारे लोक मला नेहमी भेटतात, म्हणून हे इथे लिहिणे आवश्यक वाटते: बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा अधिक जखमा करते, कारण तिला रेटावे लागते आणि रेटलेले हत्यार घसरले की कुठे थांबेल हे आपल्या हाती राहत नाही. कोल्हापुरी चप्पल बनवणारे कारागीर आपली रापी इथे आणतात. चामडे कापताना दुसरा हात पात्यापासून फार दूर ठेवता येत नाही, त्यामुळे धारेचे मोल त्यांच्याइतके कोणाला कळत असेल असे वाटत नाही. दोन्ही हात पात्याच्या मागे ठेवणे आणि काम हातात न धरता व्हाइसमध्ये किंवा शिकंज्यात पकडणे, एवढे पाळले तरी सुतारकामातल्या हाताच्या बहुतेक जखमा टळतील.

पक्कड, पाने आणि स्क्रू ड्रायव्हर यांना इथे धार लावण्यासारखे काही नसते, तरी ती हत्यारे पिशवीतून बाहेर आली की मिस्त्री त्यांच्याकडेही पाहतात. माझ्या पकडीच्या मुठीवरचे प्लास्टिक एका बाजूला फाटले होते. त्यांनी सांगितलेली गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी: मुठीवर रंगीत प्लास्टिक आहे म्हणून पक्कड विजेच्या कामाला सुरक्षित ठरत नाही. ज्या पकडीवर १००० व्होल्टची मर्यादा आणि दोन त्रिकोणांची खूण कोरलेली असते, तीच त्या कामासाठी तपासलेली असते. बाकीच्या मुठी फक्त हाताला मऊ लागाव्यात म्हणून असतात. फाटलेल्या मुठीवर इन्सुलेशन टेप गुंडाळून ती पुन्हा सुरक्षित होत नाही. अर्थात, पक्कड कशीही असली तरी मेन स्विच बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही, हे त्यांनी लगेच जोडले.

ॲडजस्टेबल पान्याविषयी त्यांचे म्हणणे असे की, जोर स्थिर जबड्यावर यावा अशा बाजूने तो लावावा आणि आपल्याकडे ओढावा, पुढे ढकलू नये; ढकलताना पाना निसटला की बोटांची पेरे थेट लोखंडावर आपटतात. जोर वाढवण्यासाठी पान्याच्या दांड्यात पाइप घालणे त्यांना अजिबात मान्य नाही. स्क्रू ड्रायव्हरने डबे उघडणे आणि भिंत फोडणे यांविषयी ते काय म्हणाले, ते वेगळे लिहिण्याची गरज नाही. गोल झालेले टोक खाचेतून उसळते, एवढे पुरे.

कानशींची मात्र दखल घ्यायला हवी. घरोघरी बिनमुठीच्या कानशी वापरल्या जातात. कानशीच्या मागच्या बाजूला मुठीसाठी केलेले अणकुचीदार शेपूट असते. काम करताना कानस एकदम अडली तर ते शेपूट तळहातात शिरते. इथे लाकडी मूठ बसवून मिळते आणि तिच्यासाठी लागणारे पैसे चहा-नाश्त्याच्या खर्चाहून जास्त नाहीत. कानस फक्त पुढे ढकलताना कापते, परत आणताना दाब काढायचा असतो. दातांत भुगा अडकला तर तारेच्या ब्रशने दातांच्या ओळींच्या दिशेने झाडायचा, आणि मऊ धातूवर काम असेल तर आधी दातांना खडू चोळायचा म्हणजे भुगा चिकटत नाही. कानशी एकमेकींवर आपटत डब्यात टाकल्या की त्यांचे दात एकमेकींनीच खाल्ले जातात. कळंबा रस्त्यावरच्या आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांकडून कानस, छिन्नी आणि हॅक्सॉ (लोखंड कापायची करवत) हीच कामे सुरुवातीला घोटून घेतली जातात. घरी हत्यारे वापरणाऱ्या आपल्यासारख्यांना मात्र हे शिकवणारे कोणी नसते, आणि ती उणीव या दुकानात काही अंशी भरून निघते. हॅक्सॉचे पाते दात पुढच्या दिशेने ठेवून लावायचे, पत्रा कापायला इंचाला ३२ दातांचे आणि जाड लोखंडाला १८ दातांचे घ्यायचे, एका वेळी किमान तीन दात धातूवर टेकले पाहिजेत, या गोष्टी मिस्त्री तिथे एका महाविद्यालयीन मुलीला समजावून देत असताना मी ऐकल्या. तिच्या प्रत्येक प्रश्नाला मिस्त्रींनी काम थांबवून उत्तर दिले.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात हत्यारांचा खरा शत्रू म्हणजे गंज. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले तेव्हा शाहूपुरीच्या बाजूच्या कित्येक घरांतील आणि दुकानांतील हत्यारे गाळात बुडाली. गाळात राहिलेली हत्यारे कशी वाचवावीत, हे मिस्त्री आजही तपशीलवार सांगतात: आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुऊन टाकणे, जे सुटे होते ते सुटे करून आतपर्यंत सुकवणे, वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि खोलवरचा व्हिनेगरमध्ये बुडवून काढणे, नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन आम्लाचा अंश घालवणे आणि कोरडे होताच मशिन ऑइलचा पातळ हात देणे. शेवटची पायरी दुसऱ्या दिवसावर टाकली तर रात्रीत पुन्हा तांबूस थर चढतो. एरवीसाठी त्यांचा सल्ला साधा आहे. वापर झाला की पुसावे, तेलाचा बोळा फिरवावा, पेटीत कापराच्या वड्या ठेवाव्यात, आणि हत्यारे सिमेंटच्या जमिनीवर किंवा चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नयेत, कारण चामडे ओल धरून ठेवते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. मिस्त्री स्वतः गॉगल वापरतात, पण ग्राइंडरपासून हातभर अंतरावर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांसाठी ना गॉगल आहे, ना पडदा, ना जमिनीवर आखलेली रेघ. ठिणग्या आणि दगडाचे कण तिथपर्यंत येतात, लहान मुले घेऊन आलेले लोकही तिथेच उभे असतात, आणि सुरक्षिततेविषयी एवढे जागरूक असलेल्या दुकानात ही गोष्ट खटकते. मी ती त्यांना बोलून दाखवली. त्यांनी मान्य केली, परंतु पुढच्या खेपेपर्यंत बदल झालेला नव्हता. दुसरे म्हणजे लाकडाच्या करवतीचे काम. करवतीचे दात एकाआड एक डाव्या-उजव्या बाजूला किंचित वाकवलेले असावे लागतात, म्हणजे पाते चिरेत अडकत नाही. माझ्या करवतीला धार चांगली लागली होती, पण दातांचे वाकवणे दोन्ही बाजूंना सारखे नव्हते, त्यामुळे ती चालवताना एका बाजूला ओढू लागली. दाखवल्यावर त्यांनी पैसे न घेता पुन्हा करून दिले. तरीही सुतारकामाच्या करवती आणखी बारकाईने व्हायला हव्यात, असे माझे मत आहे.

पावती मिळत नाही. हत्यारांना खडूने खूण केली जाते आणि ती पुसली गेली तर आपले हत्यार आपणच ओळखून घ्यावे लागते, म्हणून दांड्यावर आपली आद्याक्षरे कोरून किंवा रंगाचा ठिपका देऊन ठेवावीत. उसाच्या तोडणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी कोयत्यांचा ढीग लागतो आणि त्या दिवसांत लहान कामांना वेळ लागतो. पावसाळ्याच्या सुरुवातीलाही खुरप्यांची गर्दी असते. घरची हत्यारे न्यायची असतील तर उन्हाळा बरा, आणि सकाळी लवकर गेल्यास मिस्त्रींशी नीट बोलता येते. सोमवारी दुकान बंद असते. दर वाजवी आहेत: पटाशीला धार लावण्याचा खर्च नव्या चांगल्या पटाशीच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे, हातोड्याचा दांडा पाचरींसह थोडा महाग वाटेल, पण त्यात लाकडाची निवडही येते. पाती उघडी नेऊ नयेत; जाड पुठ्ठ्यात किंवा कापडात गुंडाळून, धार खालच्या दिशेला करून न्यावीत, कारण पिशवीत हात घालून हत्यार काढणारा मदतनीस अजून शिकाऊ आहे.